मिसिंग मारणारी पिकअप

नारायणगावच्या टोमॅटो बाजारात किंवा लासलगावच्या कांद्याच्या आवारात पहाटे उभं राहिलं, की जुन्या डिझेल पिकअपची अख्खी पिढी एका नजरेत दिसते. टाटाची 207, महिंद्राच्या 2523 सीसी इंजिनाच्या गाड्या. फाळके ठोकून सरळ केलेले, केबिनला तिसरा रंग. यांतल्या बऱ्याच गाड्यांत संगणक नाही. बिघाड झाला तर डॅशबोर्डवर दिवा लागत नाही, गाडी फक्त वागण्यातून बोलते: आयडलला थरथरते, चढाला दम टाकते आणि ऐन लिलावाच्या वेळी गेटातच बंद पडते.

अशा वेळी पहिला सल्ला मिळतो तो ‘पंप काढून टेस्टिंगला द्या’ हा. मायकोचा पंप म्हणजे डिझेल इंजिनाचा प्राण, हे खरंच. पण बंद पडणाऱ्या जुन्या गाडीत पंप हा माझ्या मते शेवटचा संशयित. टाकीपासून पंपापर्यंतचा स्वस्त, मळकट, दुर्लक्षित रस्ता आधी तपासावा. आणि त्याहीआधी ड्रायव्हरला विचारावं, गाडी नक्की केव्हा बंद पडते?

रात्रभर उभी राहिल्यावर पहिल्या स्टार्टला पकडते, मिनिटभरात मरते आणि मग बराच वेळ सेल्फ मारावा लागतो, तर पाइपात हवा शिरते आहे. अर्धा-पाऊण तास नीट चालून हळूहळू दम तुटतो, थोडा वेळ थांबलं की पुन्हा चालते, तर टाकीच्या झाकणाचं हवेचं छिद्र बुजलेलं असू शकतं. झाकण उघडल्यावर ‘फुस्स’ आवाज आला आणि गाडी सुधारली, तर निदान तिथेच संपलं. टाकी अर्ध्यावर आल्यावर फक्त घाटातच अडते, तर टाकीतल्या उचल नळीला चीर गेली असेल किंवा तळाचा गाळ तिच्या जाळीत अडकत असेल.

हवेचं दुखणं सर्वांत फसवं. टाकी ते फीड पंप हा भाग ओढीचा असतो. आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी. त्यामुळे सैल क्लॅम्पमधून किंवा तडकलेल्या रबरी नळीतून डिझेल बाहेर टपकत नाही, हवा आत जाते. खाली ओल नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. इंजिन बंद झालं की त्याच वाटेने हवा शिरते आणि डिझेल मागे टाकीत उतरतं. डिझेल दाबलं जात नाही, हवा दाबली जाते. पंप मग हवाच दाबत बसतो आणि नोझल उघडण्याइतका दाब तयार होत नाही. खात्रीचा उपाय साधा आहे. फिल्टरच्या आधी वीतभर पारदर्शक नळी जोडायची आणि इंजिन चालू करून पाहायचं. बुडबुड्यांची माळ दिसली की टाकीच्या दिशेने एकेक जोड तपासत जायचं. बिघाड काढल्यावर फिल्टरच्या डोक्यावरचा स्क्रू सैल करून, फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत हँडपंप मारायचा. नुसती एअर काढून गाडी चालू करून देणारा मिस्त्री दुखणं तसंच ठेवतो, परवा पुन्हा तेच.

फिल्टरबद्दल फार लिहायला नको. तो बदला. पावसाळ्यात वॉटर सेपरेटरखालचा स्क्रू उघडून पाणी काढा. ड्रममधून डिझेल भरणाऱ्यांनी तर हे नक्कीच करावं. डिझेलमध्ये रॉकेल मिसळण्याची खोड असेल, तर रोटरी पंपाचं आयुष्य संपलंच समजा. त्याच्या आतल्या भागांना वंगण डिझेलचंच मिळतं.

आता थरथर. चार सिलिंडरचं इंजिन 750 फेऱ्यांवर आयडलला असतं तेव्हा सेकंदाला 25 स्फोट होतात. एक सिलिंडर गळला, तर त्या तालात सेकंदाला सहा-सात खड्डे पडतात आणि ते गिअरच्या दांड्यात थेट हाताला लागतात. कोणता सिलिंडर, हे शोधायची जुनी रीत आजही चोख आहे. इंजिन आयडलला ठेवून एका नोझलच्या पाइपाचा नट पान्याने थोडा सैल करायचा. डिझेल बाहेर पाझरतं, त्या सिलिंडरला मिळत नाही. इंजिन लगेच लंगडलं, तर तो सिलिंडर कामाचा. नट आवळा, पुढच्याकडे जा. ज्याच्यावर सैल करूनही आवाजात काहीच फरक पडत नाही, तो आधीपासूनच झोपलेला.

इथे दोन इशारे. हात फवाऱ्यासमोर कधीच नेऊ नका; नोझलच्या दाबाचं डिझेल कातडी भेदून आत शिरतं आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी ताबडतोब दवाखाना गाठावा लागतो. दुसरं, ही रीत फक्त जुन्या यांत्रिक पंपाची. कॉमन रेल इंजिनात रेलमधला दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे चालू इंजिनावर नटाला पाना लावायचाच नाही, स्कॅनर लावायचा.

झोपलेला सिलिंडर सापडला की त्याचं नोझल शेजारच्या सिलिंडरशी बदलून बघायचं, तांब्याचे वॉशर मात्र नवे घालून. बिघाड नोझलबरोबर सरकला, तर नोझल दुरुस्तीला द्या. जागीच राहिला, तर टॅपेटची फट तपासा. फट फार कमी असली की गरम झाल्यावर व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही. तरीही फरक नाही, तर कॉम्प्रेशन मोजा. धडधाकट डिझेल इंजिनात ते साधारण 25 ते 30 बार भरतं आणि चारही सिलिंडरचे आकडे जवळपास असावे लागतात. सायलेन्सरचा धूरही साक्ष देतो. काळा म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आधी एअर फिल्टर झटका. निळा म्हणजे ऑइल जळतंय. गरम इंजिनाचाही पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर म्हणजे न जळलेलं डिझेल: टायमिंग चुकलंय, नोझल गळतंय किंवा कॉम्प्रेशन गेलंय.

एवढं सगळं निर्दोष निघालं, तरच पंपाकडे वळायचं. त्यातही रोटरी पंपाची एक ओळख आहे. गाडी थंड असताना झटक्यात चालू होते, गरम झाल्यावर बंद केली की सेल्फ मारून बॅटरी उतरते. अशा वेळी पंपावर ओलं फडकं टाकून थोडा वेळ थांबावं. मग चालू झाली, तर आतले भाग झिजलेत आणि गरम, पातळ डिझेल त्या फटींतून निसटतंय, असं मानायला हरकत नाही. मात्र पंपावरच्या स्टॉप सोलेनॉइडची वायर हलवून ती खात्रीही आधी करावी. तिचा कनेक्टर सैल असला तरी गाडी खड्ड्यात आपटल्यावर अशीच मरते, आणि ते काम पंप न उतरवता दहा मिनिटांत होतं.