मुदतीचा ताप आणि औषधाची मुदत

ज्या घरांत अद्याप ऐंशी-पंचाऐंशी वर्षांचीं वृद्ध माणसें आहेत, त्या घरांतील तरुण मंडळींनीं त्यांस एकदां 'मुदतीचा ताप' म्हणजे काय, हें अवश्य विचारावें. त्यांनीं तो स्वतः पाहिला नसेल, तर आपल्या आईच्या तोंडून ऐकला असेल. अंधाऱ्या खोलींत निजलेलें पोर, कपाळावर थंड पाण्याच्या घड्या, पोटांत पातळ दूध किंवा मोसंब्याचा रस यांपलीकडे कांहीं नाहीं, आणि दारांतून हळूच विचारला जाणारा एकच प्रश्न : 'आज कितवा?' सातवा, चवदावा, एकविसावा, हे तीन दिवस अवघड घाटाप्रमाणें ओलांडावयाचे. डॉक्टर येत, नाडी पाहत, शुश्रूषा नीट ठेवा असें सांगून परत जात; कारण खात्रीचा उपाय असा त्यांच्या हातीं नव्हताच. तापाची मुदत तापच ठरवी. तिसऱ्या आठवड्यांत आंतड्याला पडलेल्या क्षतांतून रक्तस्राव होई, क्वचित् आंतडें फुटे, आणि दर दहा रोग्यांमागें एक-दोघे तरी दगावत.

या तापास ग्रांथिक मराठींत विषमज्वर व व्यवहारांत टायफॉइड म्हणतात. आज हीं नांवें ऐकून कोणी फारसें घाबरत नाहीं. गोळ्या घेतल्या कीं चार दिवसांत बरें वाटतें, असा सार्वत्रिक अनुभव आहे. परंतु हें निर्भयपण आपणांस कसें लाभलें, आणि तें आपण कसें गमावूं लागलों आहों, याचा विचार सुशिक्षित कुटुंबांतूनही फारसा होत नाहीं, असें आम्हांस दिसतें. म्हणून आज त्याविषयीं चार शब्द लिहिण्याचें योजिलें आहे.

विषमज्वराच्या जंतूचें वर्णन १८८० सालीं कार्ल एबर्थ यानें केलें आणि १८८४ सालीं गेओर्ग गाफ्की यानें तो प्रयोगशाळेंत वाढवून दाखविला. त्याच १८८४ सालीं बर्लिन येथें काम करणाऱ्या हान्स क्रिस्तियान ग्राम या डेन्मार्कच्या तरुण डॉक्टरानें जंतु रंगविण्याची एक रीत प्रसिद्ध केली. कांचेच्या पट्टीवर जंतु पसरून त्यांवर जांभळा रंग घालावयाचा, मग आयोडिनचें पाणी, आणि शेवटीं मद्यार्कानें तें सारें धुवावयाचें. कांहीं जंतु जांभळेच राहतात; कांहींचा रंग साफ निघून जातो. आपली रीत अपुरी आहे, असें ग्रामनें स्वतःच विनयानें नमूद केलें होतें. पण आज सुमारें १४० वर्षांनंतरही जगभरच्या प्रयोगशाळांतून जंतूंची पहिली वर्गवारी तिच्याच आधारें होते. रंग टाकून देणाऱ्या जंतूंस ग्राम-निगेटिव्ह अथवा ग्राम-ऋण जंतु म्हणतात. यांतील ग्राम हें वजन नव्हे, त्या डॉक्टराचें आडनांव आहे, एवढें लक्षांत ठेवावें. विषमज्वराचा जंतु या गटांतला. पटकीचा जंतु, प्लेगचा जंतु, रक्ती आंवेचा शिगेला नांवाचा जंतु, आणि लघवीच्या जळजळीमागें बहुधा असणारा ई. कोलाय हेही याच गटांतले होत.

रंग जातो कीं राहतो, ही गोष्ट क्षुल्लक नाहीं. तिच्यामागें जंतूच्या अंगाची ठेवण आहे. जांभळा रंग धरून ठेवणाऱ्या जंतूंभोवतीं एक जाड भिंत असते. ग्राम-ऋण जंतूंची भिंत पातळ, परंतु तिच्या बाहेरून स्निग्ध पदार्थ व शर्करा यांच्या संयोगानें बनलेलें आणखी एक आवरण असतें. दुहेरी तटाचा किल्लाच म्हणा ना! बाहेरच्या तटास अरुंद दिंड्या असतात. त्यांतून अन्नाचे सूक्ष्म कण आंत जातात, पण पुष्कळशीं औषधें बाहेरच अडतात. शिवाय हा तट ढासळला तरी तो आपल्याच अंगावर कोसळतो. जंतु मेला म्हणजे त्या आवरणाचे तुकडे रक्तांत मिसळून ताप व हुडहुडी भरवितात, आणि प्रकरण विकोपास गेल्यास रक्तदाब उतरून मृत्यूही ओढवतो. रिचर्ड फायफर यानें १८९२ सालीं पटकीच्या जंतूंवर प्रयोग करून या अंतर्विषाची कल्पना मांडली. दुसऱ्या महायुद्धांत पेनिसिलिनचा डंका साऱ्या जगांत वाजला, तेव्हां विषमज्वराच्या रोग्यास मात्र त्याचा लाभ झाला नाहीं. त्याचें एक मोठें कारण हा बाहेरचा तटच होय.

त्या तटाच्या आंत शिरणारें औषध दक्षिण अमेरिकेंत सांपडलें. व्हेनेझुएला देशांत काराकास शहराजवळच्या मातींत राहणाऱ्या एका सूक्ष्म जीवापासून १९४७ सालीं क्लोरँफेनिकॉल मिळालें, आणि १९४८ सालीं क्वालालंपूर येथें विषमज्वराच्या रोग्यांस तें देऊन पाहण्यांत आलें. तीन-चार दिवसांत ताप उतरला! ज्या तापापुढें पिढ्यान्पिढ्या आयांनीं हात टेकले होते, त्याची मुदत माणसानें प्रथमच ठरविली.

पण या घटनेस पंचवीस वर्षें झालीं नाहींत तोंच, १९७२ सालीं, मेक्सिकोंत आणि आपल्याकडे केरळांत क्लोरँफेनिकॉलला न जुमानणारा विषमज्वर उद्भवला. १९९० च्या आगेंमागें त्या औषधाबरोबर ॲम्पिसिलिन व कोट्रायमोक्सॅझोल यांसही दाद न देणारे जंतु भारतांत पसरले. मग सिप्रोफ्लॉक्सॅसिनच्या गोळ्यांवर भिस्त ठेवावी लागली. कांहीं वर्षांत त्याही निष्प्रभ होत गेल्या. २०१६ च्या अखेरीस सिंध प्रांतांतील हैदराबाद येथें जी सांथ सुरू झाली, तिच्या जंतूनें या सर्वांबरोबर सेफ्ट्रिॲक्सोनच्या इंजेक्शनासही हार खावयास लाविलें. तेथें पोटांत घ्यावयाच्या नेहमींच्या औषधांपैकीं ॲझिथ्रोमायसिन तेवढें उरलें. आणि त्यासही न जुमानणारे जंतु पुढें बांगलादेशांत आढळले आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणें २०१९ सालीं जगांत सुमारें ९० लाख लोकांस विषमज्वर झाला आणि १,१०,००० माणसें त्यांत दगावलीं. तेव्हां हा रोग इतिहासजमा झाला, असें समजण्याचें कारण नाहीं.

औषधें अशीं एकामागून एक निकामी कां होतात? जंतु ही विद्या नेहमीं एकटाच शिकतो असें नाहीं. १९५९ सालीं जपानी संशोधकांनीं आंवेच्या जंतूंवरून असें दाखविलें कीं, औषधास तोंड देण्याचा गुण एका जातीचा जंतु दुसऱ्या जातीच्या जंतूस प्रत्यक्ष देऊं शकतो. एका घरचें विरजण वाटीभर शेजारीं जावें आणि तेथेंही दहीं लागावें, त्यांतलाच हा प्रकार. सिंधमधील जंतूनें आपलें विरजण ई. कोलायकडून आणलें असावें, असें त्याच्या आनुवंशिक परीक्षणावरून दिसून आलें. आणि ई. कोलाय तर आपणां सर्वांच्या आंतड्यांत असतोच. त्याचे बहुतेक प्रकार निरुपद्रवी आहेत.

आतां वाचकांच्या लक्षांत येईल कीं, साध्या सर्दीपडशावर उगाच घेतलेली प्रतिजैविकाची, म्हणजे अँटिबायॉटिकची, गोळी किती दूर पोहोंचते. सर्दीचें कारण विषाणु. त्यांवर तिचा कांहीं परिणाम होत नाहीं. पण आंतड्यांतील गरीब जंतूंवर तिचा मारा होतो, त्यांतले जे दणकट तेवढे उरतात आणि वाढतात. पुढें एखादे दिवशीं विषमज्वराचा जंतु त्या घरीं पाहुणा म्हणून उतरला, तर यजमान त्यास आपली विद्या शिकवून मोकळा होतो.

अर्धवट औषध घेणें हें अडाण्यांचें काम, अशी आपली समजूत असते. हा लेख लिहावयास बसण्यापूर्वीं आम्हीं आमच्याच घरच्या औषधांच्या डब्याची झडती घेतली. त्यांत प्रतिजैविकांच्या तीन अर्धवट पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीचा इतिहास एकच : ताप उतरला, तोंड कडू झालें, 'आतां कशाला?' असें घरांत कोणी तरी म्हणालें, आणि उरलेल्या गोळ्या 'असूं द्या, कामास येतील' म्हणून ठेवून दिल्या. कामास त्या आल्याही. शेजारच्या वहिनींचा घसा दुखत होता, तेव्हां आम्हींच त्यांतल्या दोन काढून दिल्या होत्या. त्या वेळीं तें शेजारधर्माचें कृत्य वाटलें. आज त्याची लाज वाटते.

विषमज्वरांत तर असें अर्धवट औषध फारच घातक. ताप चवथ्या-पांचव्या दिवशीं उतरला तरी जंतु प्लीहेंत, अस्थिमज्जेंत आणि शरीराच्या रक्षक पेशींच्याच पोटांत दडून बसलेले असतात. औषध मध्येंच सोडलें तर ताप उलटण्याचें भय असतें. म्हणून डॉक्टरांनीं जितके दिवस सांगितले असतील तितके दिवस औषध घ्यावें. कमी नाहीं, आणि आपल्या मनानें अधिकही नाहीं. प्रतिजैविकांच्या पट्टीवर एक उभी लाल रेघ असते. त्या रेघेचा अर्थ सर्वांस कळावा म्हणून केंद्र सरकारनें २०१६ सालीं मोहीम काढली होती. ती रेघ दिसली कीं डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून त्या गोळीस हात लावावयाचा नाहीं, असा घरांत दंडक असावा. त्याचप्रमाणें तापाच्या निदानासाठीं १८९६ सालापासून चालत आलेली विडाल परीक्षा एकटीच पुरेशी विश्वसनीय नाहीं. रक्तांतील जंतु वाढवून पाहण्याची परीक्षा अधिक खात्रीची, आणि ती पहिली गोळी पोटांत जाण्यापूर्वीं करविलेली बरी.

रोग बरा करण्यापेक्षां तो घरांत येऊं न देणें केव्हांही श्रेयस्कर. विषमज्वर रोग्याच्या विष्ठेनें दूषित झालेल्या पाण्यांतून व अन्नांतून पसरतो, हें इंग्रज वैद्य विल्यम बड यानें जंतूचा शोध लागण्यापूर्वींच आपल्या १८७३ च्या ग्रंथांत आग्रहानें प्रतिपादिलें होतें. आपल्या घरांत सोवळ्याओवळ्याचा विचार पिढ्यान्पिढ्या चालत आला. त्यानें हातपाय धुण्याची व धूतवस्त्र नेसण्याची संवय लाविली, हें मान्य केलें पाहिजे. परंतु जंतूस सोवळें कळत नाहीं. मुकटा नेसून वाढणाऱ्या हातांवर तो असूं शकतो, आणि साबणानें स्वच्छ धुतलेल्या ओवळ्या हातांवर नसूं शकतो. आडाचें पाणी सोवळ्यांत भरलें म्हणून निर्जंतुक होत नाहीं. तें उकळावेंच लागतें.

न्यूयॉर्कच्या मेरी मॅलन या स्वयंपाकिणीची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. ती स्वतः धडधाकट होती, आपणांस हा ताप कधीं आलाच नाहीं असें ती निक्षून सांगे. पण ती ज्या घरीं स्वयंपाकास राही तेथें विषमज्वर उद्भवे. १९०७ सालीं तिच्या विष्ठेंत जंतु सांपडले. तिला एका बेटावर वेगळें ठेविलें, १९१० सालीं सोडलें. तिनें पुन्हां स्वयंपाकाचेंच काम धरिलें, आणि १९१५ पासून १९३८ सालीं मृत्यु येईपर्यंत ती त्या बेटावरच राहिली. बरे झालेल्या रोग्यांपैकीं थोडेसे असे वाहक होतात. जंतु बहुधा त्यांच्या पित्ताशयांत ठाण मांडतात. त्या बिचारीस दोष देण्यापेक्षां शौचानंतर आणि स्वयंपाकापूर्वीं साबणानें हात धुण्याचा नियम यजमानासकट सर्वांनीं पाळावा, हें बरें.

शिवाय आतां लसही हातीं आहे. आपल्या दक्षिणेंतील हैदराबादेस तयार झालेली नवी संयुक्त लस नवी मुंबई महानगरपालिकेनें २०१८ सालीं मोहीम काढून नऊ महिन्यांपासून चौदा वर्षांपर्यंतच्या एक लाखाहून अधिक मुलांस टोंचली. सार्वजनिक रीतीनें ही लस देण्याचा जगांतील हा पहिला उपक्रम होय. आपल्या मुलांविषयीं डॉक्टरांस विचारावयास कोणीही संकोच करूं नये. कारण जो ताप आलाच नाहीं, त्यासाठीं औषधही खर्ची पडत नाहीं.

आमच्या आज्यांनीं एकवीस-एकवीस रात्री जागून तापाची मुदत पाळली. त्यांस दुसरा मार्ग नव्हता. आपणांस पाळावयाची ती केवळ औषधाची मुदत, आणि तीही आठ-दहा दिवसांची. आमच्या डब्यांतील त्या तीन पट्ट्या आम्हीं काढून टाकल्या आहेत. वाचकांनींही आज आपला डबा उघडून पाहावा, अशी आमची विनंती आहे. नाहीं तर आपल्या नातवंडांच्या उशाशीं बसून 'आज कितवा?' हें विचारण्याची पाळी पुन्हां आपल्याच घरीं येईल.