गळिताच्या हंगामापूर्वी ट्रॉलीच्या चाकांची निगा

ऊस तोडून झाला, ट्रॉली भरली, दोर आवळले आणि कारखान्याच्या वाटेवर निम्म्यातच चाक बसले, असा प्रसंग ऊस पिकविणाऱ्या भागात अपरिचित नाही. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांच्या आत गाळला जावा लागतो. तो वाटेत पडून राहिला की त्याचे वजन घटते व साखरेचा उताराही उतरतो. यापेक्षा मोठा धोका माणसांच्या जिवाला असतो. रात्रीच्या वेळी रस्त्यात बंद पडलेली ट्रॉली मागून येणाऱ्या मोटारसायकलस्वाराला दिसत नाही, आणि चालत्या ट्रॉलीचे चाक निखळले तर सारा भार कोणावर कोसळेल याचा नेम नसतो. या आपत्तीचे मूळ पुष्कळदा चाकाच्या हबमध्ये, म्हणजे कोरड्या पडलेल्या किंवा मातीने खाल्लेल्या बेअरिंगमध्ये असते.

प्रवरानगर येथे १९५०-५१ च्या हंगामात सहकारी साखर कारखान्याचे गाळप सुरू झाले. त्या काळी शेतमालाची ने-आण मुख्यतः बैलगाडीने होत असे. आसाला वंगण घातल्याशिवाय जाणता गाडीवान लांबच्या वाटेला गाडी जुंपत नसे, कारण वंगण संपताच चाक कुरकुरू लागे व त्याला आपोआप आठवण होई. आज एका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावतात. परंतु ट्रॅक्टरच्या आवाजात बेअरिंगची कुरकुर ऐकू येत नाही. म्हणून जे काम पूर्वी कानाने होई, ते आता वेळापत्रकाने करणे भाग आहे. वर्षातून एकदा, हंगामाच्या तोंडावर, प्रत्येक चाक उघडून स्वच्छ करावे. हे काम शेतकऱ्याला घरच्या अंगणात करता येण्याजोगे आहे.

आधी सुरक्षितता

ट्रॉली रिकामी करून सपाट व टणक जमिनीवर उभी करावी. दोन चाकी ट्रॉली ट्रॅक्टरपासून सोडू नये. ट्रॅक्टरचा ब्रेक लावून ठेवावा. जे चाक उचलायचे नाही त्याच्या पुढेमागे लाकडी ठोकळे लावावेत. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल करावेत. त्यानंतर आसाखाली जॅक लावून चाक उचलावे आणि आसाखाली लोखंडी घोडा किंवा लाकडाचे भक्कम ओंडके द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणीही ट्रॉलीखाली हात किंवा डोके घालू नये. विटांचा आधारही देऊ नये. त्या एकाएकी फुटतात.

उचललेले चाक वरून व खालून धरून हलवून पाहावे. ते डुगडुगत असेल तर बेअरिंग सैल किंवा झिजलेले आहे, असे समजावे. चाक हाताने फिरविताना घरघर ऐकू आली तर आत माती किंवा खड्डे आहेत.

उघडणे व धुणे

एका वेळी एकच चाक उघडावे, म्हणजे सुटे भाग एकमेकांत मिसळत नाहीत. चाक काढून हबची टोपी, स्प्लिट पिन, खाचांचा नट व वॉशर क्रमाने काढून स्वच्छ फडक्यावर मांडावेत. मग बाहेरचे बेअरिंग काढून हब ओढून घ्यावा. आतील बेअरिंग व ऑइल सील हबबरोबर बाहेर येतात. जुने ग्रीस पूर्णपणे पुसून काढावे. ते पांढरट, दुधाळ दिसल्यास आत पाणी गेले आहे. तापलेला हब ओढ्याच्या पाण्यात उतरला की आतील हवा आकसते व पाणी आत ओढले जाते. पावसाळाभर उघड्यावर उभ्या राहिलेल्या ट्रॉलीतही ओल शिरते.

बेअरिंगे डिझेलमध्ये ब्रशने धुवावीत. पेट्रोल वापरू नये, त्यापासून आगीचे भय असते. धुतलेली बेअरिंगे सावलीत वाळवावीत. कॉम्प्रेसरच्या हवेने गरागरा फिरवू नयेत. उरलेले घाण डिझेल विहिरीजवळ किंवा ओढ्यात ओतू नये, डब्यात साठवावे.

रोलरवर निळसर डाग, खड्डे, गंज किंवा ओरखडे आढळले, अथवा रोलर धरणारी जाळी सैल झाली असेल, तर ते बेअरिंग टाकून द्यावे. बेअरिंग बदलताना हबमध्ये बसलेला त्याचा कपही बदलावा. जुन्या कपात नवे बेअरिंग लवकर खराब होते. कप काढण्याची साधने घरी नसल्यास तेवढ्यापुरता हब कारागिराकडे न्यावा.

ग्रीस भरणे

चाकांसाठी लिथियमचे ग्रीस वापरावे. कॅल्शियमचे साधे ग्रीस कमी उष्णतेतच पातळ होऊन वाहून जाते. दोन प्रकारची ग्रीसे एकत्र करू नयेत. स्वच्छ तळहातावर ग्रीस घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यात दाबत राहावे. दुसऱ्या बाजूने रोलरांमधून ग्रीस बाहेर आले म्हणजे ते पूर्ण भरले. वरवर फासलेले ग्रीस उपयोगी पडत नाही. हबच्या पोकळीत आतून थर द्यावा, मात्र पोकळी गच्च भरू नये; तापून फुगलेले ग्रीस सील ढकलून बाहेर येते. काही हबना निपल असते. पंपाने नवे ग्रीस दाबल्याने आतील माती निघत नाही, म्हणून निपल असले तरी वर्षातून एकदा हब उघडणे टाळू नये.

ऑइल सील दर वेळी नवे, ओठ आतल्या बाजूला ठेवून, सरळ बसवावे. ब्रेक असलेल्या चाकात लायनरला ग्रीस लागू देऊ नये.

नट आवळण्याची रीत

पुष्कळ बेअरिंगे ग्रीस असूनही नट चुकीचा आवळल्यामुळे जातात. चाक फिरवीत नट हळूहळू आवळावा. चाक किंचित जड फिरू लागले की थांबावे आणि नट सुमारे एक षष्ठांश फेरा मागे घेऊन पिनेच्या भोकाशी जुळवावा. चाक मोकळे फिरावे, पण डुगडुगू नये. फार घट्ट नटाने बेअरिंग तापून जळते, फार सैल नटाने रोलर आदळून फुटतात. शेवटी नवी स्प्लिट पिन घालून तिची टोके वळवावीत. पिनेऐवजी खिळा किंवा तार घालण्याची सवय सर्वस्वी सोडावी. सारे चाक त्या पिनेच्या आधाराने जागेवर राहते.

पहिल्या भरलेल्या खेपेत १० ते १५ किलोमीटर गेल्यावर थांबून प्रत्येक हबाजवळ हाताची मागची बाजू न्यावी. हब कोमट असणे स्वाभाविक आहे. हात ठेववत नसेल तर पुढे जाऊ नये. चाकाचे नटही त्याच वेळी पुन्हा आवळावेत. हंगामाच्या मध्यावर चाके उचलून डुगडुग तपासावी.

टायरच्या बैलगाडीलाही अशीच बेअरिंगे असतात. ती कोरडी पडली की त्याचा भार बैलांच्या खांद्यावर येतो. मुके जनावर तक्रार करीत नाही, म्हणून गाडीवानाने याकडे अधिक लक्ष पुरविले पाहिजे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी दसऱ्याच्या सुमारास गावातील एका ट्रॉलीवर हे काम सर्वांसमक्ष करून दाखवावे व उपस्थितांपैकी दोघा-तिघांकडून प्रत्यक्ष करवून घ्यावे. दसऱ्याला शेतकरी आपल्या अवजारांची पूजा करतोच. त्या पूजेबरोबर चाकांची निगाही राखली, तर ऊस वेळेवर पोहोचेल आणि ट्रॉलीबरोबर गेलेला माणूस सुखरूप घरी परतेल.