फुले भरपूर, फळ का नाही?

जालना जिल्ह्यातील परसबागांत टरबूज आणि खरबुजाचे वेल सहज रुजतात, परंतु फुलांनी भरलेल्या वेलीवर फळ धरत नाही ही नेहमीची तक्रार असून, तिचे खापर खतावर फुटत असले तरी मूळ कारण बहुधा परागीभवनात, म्हणजे नरफुलातील पराग मादीफुलापर्यंत पोहोचण्याच्या क्रियेत असते. टरबुजाच्या वेलीवर नर व मादी फुले वेगवेगळी येतात आणि आरंभी केवळ नरफुलेच उमलत असल्याने ती गळाली म्हणून घाबरण्याचे कारण नाही. मागाहून येणारे मादीफूल पाकळ्यांखालच्या इवल्याशा लवदार फळावरून ओळखता येते. खरबुजाच्या अनेक जातींत नरफुलांसोबत द्विलिंगी, म्हणजे पुंकेसर व स्त्रीकेसर एकत्र असलेली फुले असतात, तरीही पराग चिकट असल्यामुळे मधमाशीवाचून भागत नाही. जेथे मधमाश्या फिरकत नाहीत तेथे सकाळीच ताजे नरफूल खुडून, त्याच्या पाकळ्या मागे वळवून, ते मादीफुलाच्या कुक्षीवर, म्हणजे मधल्या चिकट भागावर, सर्व बाजूंनी हलके फिरवावे, कारण पराग एकाच बाजूस लागला तर फळ वाकडे होते.

हे काम जालन्याला नवखे नाही. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये येथे ‘महिको’ ही बियाणे कंपनी स्थापन केली, १९९८ मध्ये त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, आणि ज्या संकरित बियाण्यासाठी हे शहर ओळखले जाते त्यातील अनेक भाज्यांचे बी आजही निवडक नराचा पराग हाताने लावूनच तयार होते. अशा संकरित फळातील बी पुढील हंगामासाठी राखणे मात्र व्यर्थ, कारण पुढच्या पिढीत गुण विखुरतात. बी राखायचेच असल्यास टरबुजात ‘शुगर बेबी’ आणि खरबुजात ‘पुसा शरबती’ किंवा ‘हरा मधु’ हे सरळ वाण, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या गुण टिकवणारे वाण, घ्यावेत. शेजारच्या काकडीमुळे खरबूज फिके होते हा समज निराधार आहे, कारण या दोहोंचा संकर होत नाही. वाळूक आणि शेंदाड मात्र खरबुजाच्याच जातकुळीतील असल्याने त्यांचा पराग लागल्यास त्या वर्षीचे फळ बिघडत नसले तरी त्यातील बी भेसळीचे निघते.

लागवड थंडी ओसरताना, जानेवारी-फेब्रुवारीत करावी. काळी माती पाणी धरून ठेवत असल्यामुळे सपाट आळ्यापेक्षा शेणखत मिसळलेला उंच गादीवाफा बरा, आणि फळ पिकू लागताच पाणी कमी करावे, अन्यथा गोडी उतरते व साल तडकते. काढणीच्या वेळी टरबुजाच्या देठाजवळचा ताणा वाळतो आणि जमिनीला टेकलेला डाग पिवळसर होतो, तर खरबूज सुगंध देऊन देठापासून आपोआप सुटू लागते; खुडल्यानंतर खरबूज मऊ होत असले तरी दोहोंपैकी कोणत्याही फळातील साखर वाढत नाही.