आधी वाटणी, मग भिंत

दोन मीटर लांब आणि एक मीटर रुंद कणगीत दीड किलोमीटर सुतळी कोंबलेली आहे. सुतळीची दोन्ही टोके एकमेकांना बांधलेली. आता तिची हुबेहूब दुसरी प्रत कणगीच्या आतच वळायची, दोन्ही सुतळ्या वेगळ्या करायच्या आणि मग मधोमध भिंत घालायची. एकही पीळ भिंतीत चिणला जाता कामा नये. आपल्या आतड्यातला ई. कोलाय हा जीवाणू दहा लाख पटींनी मोठा केला, तर त्याचे रोजचे काम असे दिसेल.

ही सुतळी म्हणजे त्याचे गुणसूत्र, डीएनएचा धागा. ते वर्तुळाकार असते, हे जॉन केर्न्स यांनी १९६३ मध्ये चित्रातून दाखवले. त्यांनी डीएनएत किरणोत्सारी ट्रिटियम मुरवले आणि फिल्मवर उमटलेल्या ठिपक्यांतून अख्खा धागा मोजला. त्याच वर्षी झाकोब, ब्रेनर आणि क्युझँ यांनी वाटणीचा साधा मार्ग सुचवला: दोन्ही प्रती पेशीच्या पटलाला चिकटतात, पेशी वाढते तशा आपोआप दूर जातात. कल्पना देखणी होती, पण अपुरी. १९९७च्या सुमारास जेलीफिशच्या चमकत्या प्रथिनाने गुणसूत्राच्या आरंभबिंदूवर, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते त्या जागेवर, दिवा लावता आला, तेव्हा दिसले की पेशी वाढते त्यापेक्षा कितीतरी वेगाने ते बिंदू एकमेकांपासून दूर जातात. कोणीतरी त्यांना ओढत होते.

माणसाच्या पेशीत आधी सगळी नक्कल पुरी होते, मग तंतूंची चाती गुणसूत्रे ओढते. जीवाणूकडे चाती नाही आणि थांबायला वेळही नाही. ई. कोलायला पूर्ण नक्कल करायला सुमारे ४० मिनिटे लागतात, पण भरपूर अन्न असेल तर तो दर २० मिनिटांनी दुभागतो. म्हणजे नातीच्या गुणसूत्राची नक्कल आजीच्या पेशीतच सुरू झालेली असते! नक्कल आणि वाटणी हातात हात घालून चालतात ती म्हणूनच. पाठ्यपुस्तके जीवाणूला ‘केंद्रक नसलेली साधी पेशी’ म्हणून दोन ओळींत उरकतात, तो त्याच्यावर अन्याय आहे.

ओढणारे कोण? गोड्या पाण्यातल्या कॉलोबॅक्टर या जीवाणूत ते काम दोन प्रथिने करतात. पार-बी आरंभबिंदूजवळ जमते, पार-ए गुणसूत्रभर पसरलेले असते. पार-बीचा स्पर्श झाला की तिथले पार-ए सुटून जाते; मग जिकडे ते अजून दाट आहे तिकडे आरंभबिंदू सरकतो. मागची वाट मोकळी झालेली, त्यामुळे चाल पुढेच. पार-बी सीटीपी नावाचे इंधन वापरून चिमट्यासारखे डीएनएवर घसरते, हे तर २०१९ मध्ये कळले. ई. कोलायकडे ही जोडी नाहीच. तिथे मुक-बी हे प्रथिन धाग्याच्या निऱ्या घालून गठ्ठा आटोपशीर ठेवते. सोता हिरागा यांच्या प्रयोगशाळेने दिलेल्या या नावातला ‘मुक’ जपानी ‘मुकाकू’तला, म्हणजे केंद्रकहीन; हे प्रथिन बिघडले की काही लेकी डीएनएविना, रिकाम्याच जन्मतात.

एवढे करूनही शेवटी दोन वर्तुळे साखळीच्या कड्यांसारखी अडकलेली उरतात. टोपोआयसोमरेज-४ एक कडी कापते, दुसरी त्यातून पार करते आणि काप पुन्हा सांधते. सिप्रोफ्लॉक्सॅसिनची गोळी या विकराला आणि त्याच्या भावंडाला, गायरेजला, नेमके कापलेल्या अवस्थेत अडकवून ठेवते.

ज्या पटकीच्या धास्तीने गावोगाव मरीआईला साकडे घातले जाई, तिच्या जीवाणूला तर दोन गुणसूत्रे सांभाळायची असतात: एक सुमारे ३० लाख अक्षरांचे, दुसरे जेमतेम ११ लाखांचे. धाकटे वाट पाहते. थोरल्यावरच्या एका ठरावीक जागेची नक्कल झाली की मगच ते स्वतःची सुरू करते, आणि दोघांचे काम जवळपास एकाच वेळी संपते. वाटणीत धाकटे न मिळालेली लेक जगत नाही.

भिंतीची पाळी सगळ्यांत शेवटी येते. एफटीएस-झेड प्रथिनाचे कडे पेशीच्या मध्यावर आवळते. जिथे डीएनए आहे तिथे ते बसू नये म्हणून वेगळे राखणदार असतात.

मातीतला बॅसिलस सब्टिलिस मात्र उपासमारीत हा क्रमच उलटा करतो. बीजाणू घडवताना तो पेशीच्या एका टोकाजवळ आधी भिंत घालतो. छोट्या खोलीत गुणसूत्राचा फक्त एक-तृतीयांश भाग आलेला असतो, बाकीचा भिंतीतून आरपार बाहेर लोंबत असतो. मग भिंतीतला स्पो-३-ई हा पंप उरलेला धागा आत खेचून घेतो. वू आणि एरिंग्टन यांनी १९९४ मध्ये हा पंप बिघडलेल्या पेशी तपासल्या. त्यांत छोट्या खोलीत एक-तृतीयांश गुणसूत्र होते, आणि उरलेले भिंतीपलीकडेच राहून गेले होते.