जुन्या क्वार्ट्झ घड्याळाचा सुटा भाग कसा शोधावा?

मागच्या सत्रात एका विद्यार्थिनीने वडिलांचे जुने मनगटी घड्याळ प्रयोगशाळेत आणले. सेल बदलल्यापासून ते बंद होते. दुकानात "मशीनच बदला" असे सांगितले होते. तिला मात्र तेच मशीन चालू हवे होते. अशा वेळी भाग शोधण्याआधी दोष शोधावा लागतो.

१. रचना आठवा. क्वार्ट्झ स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो. ही संख्या म्हणजे २ चा १५ वा घात. सर्किट तिला १५ वेळा दोनने भागते आणि सेकंदाला एक स्पंद मिळतो. हा स्पंद कॉइलमधून जातो, चुंबकीय रोटर अर्धा फेरा फिरतो आणि दातेरी चाके काटे पुढे ढकलतात. पुढच्या स्पंदाची दिशा उलट असते.

२. दोष ओळखा. प्रथम सेलचा दाब मोजा. सिल्व्हर ऑक्साइडचा नवा सेल सुमारे १.५५ व्होल्ट दाखवतो. मग सेल काढून कॉइलचा रोध मोजा. तो साधारणपणे एक ते काही किलोओहम असतो. मीटर अनंत रोध दाखवत असेल तर तार तुटली आहे. कॉइल ठीक असून स्पंद येत नसेल, तर संशय सर्किटवर किंवा स्फटिकावर. स्पंद येऊनही काटा हलत नसेल, तर बहुधा चाकांत घाण किंवा वाळलेले तेल असते. तिथे भाग नको, सफाई हवी.

आमच्या घड्याळाची कॉइल तुटली होती. तार केसापेक्षा बारीक असते. सेल काढताना स्क्रूड्रायव्हर निसटला तरी ती तुटते.

३. कॅलिबर क्रमांक वाचा. भाग डायलवरच्या नावावरून मिळत नाही, मशीनवर कोरलेल्या क्रमांकावरून मिळतो. सेल काढल्यावर तो बहुधा त्याच्या जवळपास दिसतो. सेइकोच्या मागच्या झाकणावर दोन गट असतात: पहिला मशीनचा, दुसरा केसचा. एकच कॅलिबर अनेक कंपन्यांच्या घड्याळांत असते, म्हणून त्याच क्रमांकाचे स्वस्त, बंद घड्याळही भागांसाठी चालते. मात्र त्याची कॉइल आधी मोजून घ्या.

४. भाग मिळालाच नाही तर पूर्ण मशीन बदलता येते. त्यासाठी व्यास व जाडी, डायलच्या पायांच्या जागा, चावीच्या दांड्याची उंची, काट्यांच्या छिद्रांचे माप आणि तारखेच्या खिडकीची जागा जुळली पाहिजे. मशीनचा व्यास 'लिन्य' या जुन्या फ्रेंच एककात देतात. १ लिन्य म्हणजे सुमारे २.२६ मिलिमीटर.

तिला त्याच कॅलिबरचे एक बंद मशीन जुन्या बाजारात मिळाले. त्यातली कॉइल बसवली आणि सेकंदकाटा चालू लागला. वडिलांचे मशीन तेच राहिले.

सरावासाठी: स्फटिक ८,१९२ हर्ट्झचा असेल तर दोनने किती वेळा भागावे लागेल?