पालवणकर बाळू

केवळ वेगाने टाकलेल्या चेंडूनेच फलंदाज बाद होतो, असे नव्हे. डावखुरा फिरकी गोलंदाज चेंडू संथपणे टाकतो. परंतु हातातून सोडताना तो बोटांनी त्यास पीळ देतो. त्यामुळे टप्पा पडताच चेंडू उजव्या हाताने खेळणाऱ्या फलंदाजापासून दूर वळतो. फलंदाज चकतो आणि झेल तरी उडतो किंवा यष्टी तरी पडते. या कलेत भारतात आरंभीच्या काळात मोठे नाव मिळविणारे खेळाडू म्हणजे पालवणकर बाळू होत.

बाळूंचा जन्म १८७६ साली धारवाड येथे झाला. त्यांचे वडील लष्कराच्या नोकरीत होते. बाळूंचे बालपण पुण्यात गेले. चर्मकार समाजात जन्मल्यामुळे त्यांना त्या काळी अस्पृश्य मानीत. पुण्यातील पारशी लोकांच्या एका क्लबात मैदान झाडणे व खेळपट्टीवर रूळ फिरविणे, हे त्यांचे पहिले काम. त्याबद्दल त्यांना दरमहा ३ रुपये मिळत. पुढे इंग्रजांच्या क्लबात त्यांना ४ रुपये पगार मिळू लागला. तेथे ते साहेब लोकांना सरावासाठी चेंडू टाकीत. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तर इतरांच्या आधी येऊन बाळूंच्या गोलंदाजीवर सराव करी. बाद केल्यास तो ८ आणे देई, असे सांगतात. मात्र बॅट हाती घेण्याची संधी बाळूंना तेथे मिळाली नाही.

त्यांची कीर्ती ऐकून पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना खेळावयास घेतले. मैदानावर सर्वजण एकाच चेंडूला स्पर्श करीत. परंतु चहाच्या वेळी बाळूंना मातीच्या भांड्यात बाहेर चहा दिला जाई. खेळात चालणारा स्पर्श पंक्तीत मात्र चालत नसे!

नंतर बाळू मुंबईस आले. १९०६ साली हिंदू संघाने युरोपियन संघास १०९ धावांनी हरविले, त्या विजयात त्यांचा मोठा वाटा होता. १९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. पतियाळाचे महाराज संघाचे कर्णधार होते. परक्या हवेत व परक्या खेळपट्ट्यांवर आपल्या संघाने बहुतेक सामने गमावले. तथापि बाळूंनी त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी मिळविले.

एवढा पराक्रम गाजवूनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना मिळाले नाही. शिवराम, गणपत व विठ्ठल हे त्यांचे बंधूही उत्तम क्रिकेटपटू होते. १९२० साली बाळूंना संघातून वगळण्यात आले, तेव्हा शिवराम व विठ्ठल यांनीही खेळण्यास नकार दिला. अखेर बाळूंना परत घ्यावे लागले व उपकर्णधारपद द्यावे लागले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली संघ विजयी झाला. थोरल्या भावास जे नाकारले गेले, ते धाकट्याने मिळविले.

१९५५ साली बाळूंचे निधन झाले. चेंडू टाकणाऱ्याची जात कोणती, हे चेंडूला ठाऊक नसते. माणसांना ते विसरावयास मात्र फार वर्षे लागली.