तेहतीस मीटर खाली, तरी उजेडात

गगनबावड्याहून करूळ घाटाने खाली उतरताना रस्त्यासाठी तासलेली दरड पाहावी. लाव्हाचे थर एकावर एक बसलेले दिसतात आणि पावसाळ्यात त्यांच्या फटींतून पाणी झिरपत असतं. पुण्याच्या पोटातही हाच दख्खनचा काळा कातळ आहे. जिल्हा न्यायालय मेट्रो स्थानक याच कातळात खोदलेलं आहे.

शिवाजीनगरच्या जुन्या सरकारी धान्य गोदामाच्या जागेवरचं हे स्थानक 33.1 मीटर खोल असून देशातल्या सर्वांत खोल मेट्रो स्थानकांत त्याची गणना होते. स्वारगेटकडे निघालेली गाडी इथून पुढे मुठेच्या पात्राखालून कसबा पेठेत जाते. मेट्रोचे रूळ एकदम खाली नेता येत नाहीत, चढउतार सौम्यच ठेवावा लागतो. त्यामुळे नदीखालून जाणाऱ्या मार्गाचं शेजारचं स्थानकही खोलच न्यावं लागतं. या मार्गाची भुयारं ‘मुठा’, ‘मुळा’ आणि ‘पवना’ अशी नावं दिलेल्या, बोगदे खोदणाऱ्या टीबीएम यंत्रांनी पोखरली.

जमिनीखालच्या बांधकामाची खरी परीक्षा पाणी घेतं. कातळ कितीही टणक असला तरी भेगांतून पाणी येतंच. भूजल वरपर्यंत चढलं, तर तीस मीटर खोलीवरच्या तळाला ते दर चौरस मीटरला सुमारे 30 टन जोराने वर ढकलतं. म्हणून खोल स्थानकाचा तळ नुसती फरशी नसतो. वरचा भार पेलण्याबरोबरच खालचा दाब थोपवेल इतका तो जाड आणि वजनदार करावा लागतो. भिंतींना जलरोधक थर देतात आणि झिरपलेलं पाणी उपसायला पंप कायम सज्ज ठेवतात.

एवढ्या खोलीतही या स्थानकात कोंदटपणा जाणवत नाही, हे त्याच्या रचनेचं मोठं यश आहे. छप्पर 95 फूट उंच ठेवलं आहे आणि त्यातून ऊन थेट फलाटापर्यंत पोहोचतं. मधली जागा मजल्यांनी भरून टाकण्याचा मोह रचनाकारांनी टाळला. नैसर्गिक उजेडामुळे वीज तर वाचतेच, शिवाय नवख्या माणसाला वर जायची दिशा आपोआप कळते. सात प्रवेशद्वारं, 18 सरकते जिने आणि 8 लिफ्ट त्याला तिथपर्यंत नेतात.

हे स्थानक 1 ऑगस्ट 2023 रोजी प्रवाशांसाठी खुलं झालं, तर स्वारगेटपर्यंतचा भुयारी टप्पा 29 सप्टेंबर 2024 रोजी सुरू झाला. वनाज–रामवाडी हा उन्नत मार्ग इथेच वरून जातो. मार्ग बदलणारा प्रवासी पाताळातून थेट पुलावर चढतो, तेही रस्ता न ओलांडता.

शेजारीच न्यायालय आहे. तिथे तारखेला येणाऱ्यांत खेड्यापाड्यांतली वयस्क माणसंही असतात. स्थानकाची खोली नदी आणि कातळ ठरवतात, ती अभियंत्याने पेलायची असते. पण त्या खोलीचा भार प्रवाशाच्या गुडघ्यांवर आणि मनावर पडू द्यायचा की नाही, हे रचनाकाराच्या हातात असतं. पुढे कुठल्याही शहरात भुयारी स्थानक बांधलं, तर त्याचं मोजमाप याच कसोटीवर व्हायला हवं.